दोम्निका सिस्टर आणि कुलपातले नळ

दोम्निका सिस्टर शाळेत शिरली की वाल्या प्रुनिलोर गावची पोरं हात पाठीमागं लपवायची. लपवण्यासारखं काही नसलं तरी लपवायची, कारण तशी सवयच लागून गेली होती. ती नखं बघायची, कोपरापर्यंत बघायची, आणि थकल्या आवाजात विचारायची, "हे काय आहे?"

"माती," पोरगं म्हणायचं.

"मातीत काय असतं?"

"जंतू."

"जंतूंनी काय होतं?"

"कावीळ."

आणि एवढं सगळं धडाधड सांगून झालं की तेच पोरगं त्याच हातानं पाव मोडून तोंडात घालायचं. दोम्निका क्षणभर डोळे मिटून घ्यायची आणि पुढच्या पोराकडं वळायची.

गावात मागून तिला साबणबाई म्हणत. तिला ते ठाऊक होतं आणि त्याचं तिला वाईट वाटत नसे. राग यायचा तो एवढ्याचाच, की नाव ठेवायच्या वेळी या लोकांना साबण बरोबर आठवतो, जेवायला बसताना आठवत नाही.

लग्नाआधी ती शहरातल्या इस्पितळात होती, साथीच्या रोगांच्या वॉर्डात. दर वर्षी द्राक्षांची तोडणी आटोपत आली, शाळा सुरू होऊन थोडे दिवस झाले, की आसपासच्या खेड्यांतून पिवळ्या डोळ्यांची पोरं यायला लागायची. खाटा पुरायच्या नाहीत, एकेका खाटेवर दोघं निजायची. बरी होऊन घरी जायची, आणि पुढच्या वर्षी त्यांची धाकटी भावंडं यायची. तिथल्या म्हाताऱ्या डॉक्टरीणबाई एकदा तिला म्हणाल्या होत्या की पोर इथं येतं तेव्हा फार उशीर झालेला असतो, खरं काम तिकडं शाळेत आहे, पण तिकडं जायला कुणी तयार नाही. तरुण दोम्निकाला ते मनापासून पटलं. पुढं ट्रॅक्टर चालवणाऱ्या तोआदरशी लग्न करून ती वास्लुइ जिल्ह्याच्या डोंगरातल्या या गावी आली तेव्हा शाळेच्या नर्सची जागा तिनं आपणहून मागून घेतली. डॉक्टरीणबाई पुढं वारल्या. नाहीतर दोम्निकानं त्यांना गाठून दोन शब्द सुनावले असते.

कारण शिकवणं सोपं होतं. पोरं हुशार होती, सांगितलेलं पटकन पाठ करायची. पण हात धुवायला शाळेत जागाच नव्हती. संडास मागच्या अंगाला, अक्रोडाच्या झाडांपलीकडे, लाकडी फळ्यांचा. पाणी अंगणातल्या विहिरीचं. बादली वर ओढायची तर चौथीतल्या पोरालाही दोन्ही पाय कठड्याला टेकवावे लागायचे. आणि सकाळच्या मोठ्या सुट्टीत सरकारचं दूध आणि लांबट पाव यायचा. सगळी शाळा संडासाकडून पळत येऊन थेट पावाच्या टोपलीवर पडायची.

जागा नव्हती म्हणणंही तसं खोटंच. जागा होती. तळमजल्यावर, जिन्याशेजारी, युरोपातून आलेल्या पैशांतून बांधलेली हात धुण्याची खोली होती. पांढऱ्या फरशा, पोरांच्या उंचीची बेसिनं, वर उचलायच्या दांडीचे चकचकीत नळ, गरम पाण्याचा बंब, शेजारी आत घेतलेली स्वच्छतागृहं. सगळं होतं, आणि दाराला कुलूप होतं. दारावर आडवी निळी-पिवळी-लाल, देशाच्या झेंड्याच्या रंगांची फीत बांधलेली होती. ती कापायला जिल्ह्याचे अध्यक्ष यायचे होते. आधी निवडणूक आली, मग पूर आला, मग पुन्हा निवडणूक आली. फितीचा लाल रंग उन्हानं गुलाबी पडला तरी अध्यक्ष आले नाहीत.

किल्ली हेडमास्तर प्रिसाकारुंच्या कोटाच्या आतल्या खिशात असायची. ते गणित शिकवत. गृहस्थ नीटनेटके, गळ्यात टाय, बुटांना कधी चिखल नाही. आणि वाल्या प्रुनिलोरमध्ये बुटांना चिखल लागू न देणं हे काही साधं काम नव्हे. दोम्निका दर सोमवारी त्यांच्या खोलीत जाऊन किल्ली मागायची. ते तिला खुर्ची द्यायचे, कॉफी विचारायचे आणि नाही म्हणायचे.

"सिस्टर, उद्घाटन झाल्याशिवाय मी खोली कशी वापरायला देऊ?"

"मग उद्घाटन तुम्ही करा, सर. कात्री मी आणते."

"तुम्ही चेष्टा करता. उद्या साहेब आले आणि फरशीवर चिखल दिसला तर?"

"आणि मुलांचे हात दिसले तर काय म्हणतील, त्याचं काय?"

हेडमास्तर हसायचे, आणि तिला जिन्यापर्यंत सोडायला यायचे. त्यांच्या या सभ्यपणाचाच तिला सगळ्यात जास्त वैताग यायचा. ओरडले असते तर तिलाही ओरडता आलं असतं.

तेव्हा मग तिनं जे हातात होतं ते केलं. भित्तिचित्रं काढून घेतली. हात कसे धुवायचे याचं गाणं रचलं: तळवे, मग बोटांच्या फटी, मग अंगठे, मग नखं. गाणं बरं जमलं, पोरं रस्त्यानं म्हणत जायची. मग तिनं एक नाटुकलं बसवलं. त्यात तिसरीतली पेत्रोनेला साबण झाली होती. दाट भुवयांची, मोठ्या आवाजाची पोरगी. अंगात पांढरी चादर, डोक्यावर पुठ्ठ्याचा फेस. जंतू झालेल्या पोरांना ती अशा काही आवेशानं हाकलायची की पहिलीतली दोन पोरं घाबरून रडली. रंगमंचावर पाणी कुठून आणणार? म्हणून पोरं हवेतच नळ सोडायची आणि हवेतच हात चोळायची. शाळांच्या आरोग्य स्पर्धेत या नाटुकल्याला जिल्ह्यात पहिला नंबर मिळाला. हेडमास्तरांनी ढाल आणून टांगली, आणि टांगली कुठं, तर त्या कुलूपबंद दाराच्या शेजारच्या भिंतीवर, कारण तिथं उजेड चांगला पडतो म्हणाले. दोम्निका त्या ढालीखालून जाताना मान वर करायची नाही.

त्याच शरद ऋतूत कावीळ आली. आधी दुसरीतला एक मुलगा, मग त्याची बहीण, मग एकेका वर्गात बाकं रिकामी दिसायला लागली. दोम्निका दुपारच्या वेळी घरोघर हिंडू लागली: पाणी उकळा, भांडी वेगळी ठेवा, ताप आला तर लपवू नका. कुणी दार उघडलं, कुणी खिडकीतूनच हो हो केलं. एका बाईनं सांगितलं की आमच्याकडं पवित्र पाण्याची बाटली आहे, त्यामुळं काळजी नाही. दोम्निकानं बाटली बघायला मागितली. तळाला हिरवं शेवाळ धरलं होतं.

पेत्रोनेलाच्या घरी तिची आजी होती. नातीला ताप नाही, काही नाही, आमच्या घरात असलं दुखणं कधी आलंच नाही, असं तिनं उंबऱ्यातच सांगून टाकलं. घरात गेल्या वर्षी वारलेल्या आजोबांच्या नावानं जेवण होतं. कोबीच्या पानांतले सार्माले शिजत होते, आणि म्हातारीनं चीज घातलेली गरम पोळी तव्यावरून काढून, बोटांनी मोडून, दोम्निकाच्या पुढं धरली. दोम्निका म्हणाली की मी जेवून आलेय.

"म्हणजे माझ्या हातचं चालत नाही तुला," म्हातारी म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच वाईट होतं. "मेलेल्या माणसाच्या नावाचा घास नाकारतेस, आणि मी तुझं ऐकून पाणी उकळायचं?"

घरात बाया होत्या, त्या सगळ्या बघत होत्या. नाही म्हटलं असतं तर त्या गल्लीत पुन्हा कुणी दार उघडलं नसतं. दोम्निकानं पोळी खाल्ली. वर आजोबांच्या आत्म्याला शांती मिळो असंही म्हणाली. घरी येताना रस्ताभर ती स्वतःवर चरफडत होती.

पुढं काही आठवड्यांनी तिला जेवण नकोसं झालं. कॉफीच्या वासानं मळमळायला लागलं, जिना चढताना गुडघ्यांत जोर राहीना. तोआदर म्हणाला दमलीयस, पड जरा. ती आरशासमोर गेली, खालची पापणी ओढून बघितली आणि तिथंच स्टुलावर बसली. कावीळ त्या पोळीमुळं झाली की शाळेतल्या एखाद्या पोरामुळं, हे सांगता येणार नाही, हे ती जाणून होती. तरी शेवटपर्यंत तिनं दोष दिला तो पोळीलाच.

गावाला हसायला मिळालं. जन्मभर हात धुणारी साबणबाईच पिवळी पडली. दुकानापाशी लोक म्हणाले, बघा, साबणाचा उपयोग असता तर तिला झालं असतं का? तोआदरनं ते ऐकलं आणि घरी येऊन सांगितलं. न सांगता राहता येतं हे त्याला कधी सुचलंच नव्हतं. दोम्निका कपड्यांची पिशवी भरत होती. तिनं हातातला टॉवेल जमिनीवर आपटला, मग उचलला, घडी घातली आणि पिशवीत ठेवला.

ज्या वॉर्डात तरुणपणी तिनं पोरांची अंगं पुसली होती, त्याच वॉर्डात तिला खाट मिळाली. भिंतींना नवा रंग होता, बाकी सगळं तेच, वासही तोच. शेजारच्या खोलीत तिच्याच शाळेतली पोरं होती. पहिल्या दिवशी तिला मान उचलवत नव्हती. जरा बरं वाटल्यावर ती भिंतीला धरून धरून त्यांना बघायला गेली, तर खिडकीजवळच्या खाटेवर पेत्रोनेला बसलेली. चादरीसारखीच पांढरी असायची ती नाटकात. आता मक्याच्या पिठासारखी पिवळी दिसत होती.

"तू कधी आलीस?"

"काल. सिस्टर, तुम्हीपण?"

"मीपण," दोम्निका म्हणाली. "जेवलीस?"

उकडलेले बटाटे आले होते. दोम्निका म्हणाली, आधी हात. पेत्रोनेला तुरुतुरु कोपऱ्यातल्या बेसिनपाशी गेली. तिथं तिनं तळवे चोळले. बोटांच्या फटी चोळल्या. अंगठे, नखं, सगळं शिकवल्याप्रमाणं, क्रमानं, ओठांत गाणं म्हणत. मग हात झटकले आणि वळली. नळ बंद होता. साबण तसाच कोरडा पडलेला होता.

"अगं, पाणी?"

पेत्रोनेलानं नळाकडं बघितलं. "ते कसं सोडायचं?"

दांडी वर उचलायची हे तिला माहीत नव्हतं. घरी विहीर, शाळेत विहीर. भिंतीतून पाणी येतं हे तिनं पाहिलं असेल, पण स्वतः कधी सोडलं नव्हतं. आणि सुटलं नाही म्हणून ती अडलीही नाही. गाणं पुरं केलं की हात धुतले, असंच तिला आजवर शिकवलेलं होतं. दोम्निकानं दांडी उचलून दाखवली. पाणी जोरात आलं, मुलीचा झगा भिजला, ती खिदळली. दोम्निकाला हसू आलं नाही. आपण या पोरांना हात धुवायला शिकवलंच नाही, नाटक करायला शिकवलं, आणि ते इतकं चांगलं शिकवलं की ढाल मिळाली, हे तिच्या डोक्यात शिरलं, आणि मग तिथून हललंच नाही.

मग जितके दिवस ती तिथं होती तितके दिवस रोज जेवणाआधी पोरांना बेसिनपाशी उभं करायची. गाणं बंद. नुसतं पाणी, साबण, पाणी. पोरं कंटाळली. एकानं विचारलं की गाणं का नाही, तर ती म्हणाली, "गाण्यानं तुला काय झालं ते बघतोयस ना?" पोरगं मुकाट्यानं साबण चोळायला लागलं. असं बोलायला नको होतं, असं तिला नंतर वाटलं, पण तेव्हा तिच्यात गोड बोलायची ताकद नव्हती.

इकडं शाळेत जिल्ह्याहून आरोग्य खात्याची माणसं येऊन गेली. संडासात चुना टाकला, विहिरीत क्लोरिन टाकलं, आणि शाळेत हात धुण्याची सोय आहे का असं विचारलं. हेडमास्तरांनी फीत सांभाळून, तिच्याखालून वाकून, त्यांना आत नेलं. साहेब लोक बघतच राहिले. इतकी स्वच्छ खोली आम्ही कुठल्याही खेड्यात पाहिली नाही, असं त्यांनी लिहून दिलं. हे सगळं दोम्निकाला कळलं ते तोआदरकडून, भेटीच्या वेळी, उकडलेलं सफरचंद खाताना. तो मजेदार गोष्ट म्हणून सांगत होता. तिनं सफरचंद खाली ठेवलं.

"तुझ्याकडं मोठा स्क्रू ड्रायव्हर आहे का?"

"ट्रॅक्टरचा आहे. का?"

"घरी आल्यावर सांगते."

ती कामावर परतली तेव्हा बर्फ वितळून रस्त्याचा नुसता लगदा झाला होता. यकृत अजून कुरकुरत होतं, चरबीचं काही चालत नव्हतं, आणि स्वभाव तर आधीच चरचरीत. आल्या आल्या तिनं रीतीप्रमाणं एकदा किल्ली मागितली. हेडमास्तरांनी तिच्या तब्येतीची मनापासून चौकशी केली, तिच्यासाठी आणून ठेवलेला मध दिला, आणि म्हणाले की साहेब आता उन्हाळ्याच्या तोंडावर नक्की येणार आहेत, एवढा वेळ थांबलो तर थोडं आणखी. दोम्निकानं मध घेतला, आभार मानले आणि खाली उतरली.

दुसऱ्या दिवशी मोठ्या सुट्टीच्या जरा आधी तोआदर अवजारांची पेटी घेऊन शाळेत आला. तो सगळा वेळ कुरकुरत होता. तुझ्यापायी मला पोलीस नेतील, माझं काय जातंय म्हणा, तिथं जेवण तरी वेळेवर मिळेल, तुझं ते उकडलेलं खाऊन मी अर्धा झालोय. कुरकुरता कुरकुरता त्यानं बिजागऱ्यांचे आणि चौकटीवरच्या कडीचे स्क्रू काढले. कुलपाला हात लावला नाही, फितीची गाठ बाजूच्या खिळ्यांवरून अलगद उतरवली. दार उचललं आणि ढालीखाली भिंतीला टेकवून ठेवलं, कुलपासकट, फितीसकट.

घंटा झाली आणि त्याच वेळी हेडमास्तर जिन्यावरून उतरले. दोन पायऱ्या बाकी असताना जे थांबले ते तिथंच.

"सिस्टर, हे काय?"

"दार काढलंय, सर."

"ते सरकारी दार आहे."

"सरकारीच आहे, कुठं गेलं नाही. फीतपण आहे. साहेब आले की परत लावू."

"मी तक्रार करीन. मला करावीच लागेल."

"करा," दोम्निका म्हणाली. "काय लिहाल? साथ आली तेव्हा ही खोली बंद होती, आणि नंतर सिस्टरनं उघडली?"

हेडमास्तर जिन्यावर बसले. टाय लावून जिन्याच्या पायरीवर बसलेले सर कुणी कधी पाहिले नव्हते. पोरं दूध-पाव विसरून तिथंच घोळका करून उभी राहिली. ते हळू आवाजात बोलले, पण सगळ्यांना ऐकू गेलं.

"तुम्हाला वाटतं मला हौस आहे? मी इथं लागलो तेव्हाही बेसिनं होती. एका हिवाळ्यात उपटून नेली लोकांनी. त्यातलं एक मी पुढं एकाच्या अंगणात बघितलं, कोंबड्या पाणी पीत होत्या त्यात. तेव्हापासून अर्ज करतोय, आत्ता कुठं मिळालं. उद्या नळ फुटला तर मला नवा कोण देणार आहे?"

कोंबड्यांचं हे दोम्निकाला नवीन होतं. तिला वाटलं की हे त्यांनी आधी सांगितलं असतं तर, आणि मग वाटलं की सांगितलं असतं तरी आपण दार काढलंच असतं.

"फुटू द्या, सर. फुटला की आपण दोघं मिळून जिल्ह्याशी भांडू. सध्या मी एकटी तुमच्याशी भांडतेय, त्यानं कुणाचंच काही होत नाही."

तेवढ्यात मागच्या पोरांनी पुढच्यांना रेटलं आणि सगळी झुंड आत घुसली.

पहिला दिवस भयंकर गेला. पोरांनी सगळे नळ एकदम सोडले. बंबातलं गरम पाणी बघून चित्कार केले. पातळ साबण एकमेकांच्या डोक्यावर ओतला, एकानं चाखून पाहिला. घोट्यापर्यंतच्या चिखलानं पांढऱ्या फरशीची दलदल झाली. एका नळाची दांडी सातवीतल्या पोरानं त्याच दुपारी मोडली. हेडमास्तर येऊन बघून गेले, आणि जाताना दोम्निकाकडं असं बघितलं की तिला तोंड फिरवावं लागलं. शाळेची झाडलोट करणारी साफ्ता मावशी तर फडकं बादलीत टाकून थेट तिच्यापुढं उभी राहिली.

"हे तू पुसणार की तुझा नवरा?"

साफ्ता मावशी शाळेत एकटी. सगळे वर्ग, सगळे जिने, शेगड्यांची लाकडं, सगळं तिच्या कमरेवर. ती खोली बंद राहिली याचा सगळ्यात जास्त आनंद तिलाच होता, आणि तो ती लपवत नसे. दोम्निकानं फडकं घेतलं आणि पुसायला लागली. दुसऱ्या दिवशीही पुसलं. तिसऱ्या दिवशी कंबर धरली, आणि तिनं वर्गावर्गांत जाऊन जाहीर केलं की चिखलाचे बूट दाराबाहेर काढायचे आणि रोज एका वर्गानं फरशी पुसायची. आईबापांनी कुरकुर केली: पोरांना शिकायला पाठवतो की मोलमजुरीला? दोम्निका म्हणाली, हेच शिकायला.

एकेक वर्ग ती बेसिनपाशी न्यायची. दांडी उचला, ओले करा, साबण, चोळा, धुवा, दांडी खाली. पुन्हा. पोरं दांडी खाली करायला विसरायची, पुसायला शर्ट वापरायची, आणि एक महाभाग तर छान हात धुऊन बाहेर यायचा आणि पहिलं काम म्हणजे दारातल्या कुत्र्याला कुरवाळायचा. ती त्याला परत पाठवायची. तो धुऊन यायचा, पुन्हा कुत्र्याला कुरवाळायचा. कुत्र्याला हाकललं तर पोरगं रडायचं. असे ते दोघं पावाची टोपली रिकामी होईपर्यंत करत बसायचे.

बदल घडवला तो खरं तर साफ्ता मावशीनं, आणि तोही रागाच्या भरात. पोरं पावाच्या टोपलीसाठी तिच्या ओल्या फरशीवरून पळतात म्हणून एक दिवस ती टोपली उचलून खोलीच्या दारातच खुर्ची टाकून बसली. हात न धुतलेल्याला पाव नाही म्हणाली. धुतलेत कशावरून? तर ती प्रत्येकाचा हात नाकाशी नेऊन हुंगायची. साबणाचा वास आला की पाव, नाही आला तर, "चल, माघारी." तिचं नाक फसत नसे. मोठ्या वर्गांतली मिसरूड फुटलेली पोरंसुद्धा तिच्यापुढं हात धरून उभी राहायची. दोम्निकाच्या इतक्या वर्षांच्या गोड, कडू, सचित्र शिकवणुकीनं जे झालं नाही ते मावशीच्या नाकानं महिन्याभरात झालं. दोम्निकाला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण जोडीला थोडा संतापही झाला, तो तिनं तोआदरपाशी काढला.

उन्हाळ्याच्या तोंडावर अध्यक्ष खरोखरच आले. तोआदरनं दार परत बसवलं, फीत इस्त्री करून लावली, टाळ्या झाल्या, फीत कापली. साहेबांनी आत डोकावून छान छान म्हटलं, रांगेनं सगळ्यांशी हस्तांदोलन केलं, पहिलीतल्या शेंबड्या पोरांचे गाल चिमटले, आणि तिथून सरळ मांडलेल्या टेबलाशी जाऊन हातानंच सार्माला उचलला. नळापासून टेबल दहा पावलांवर होतं. दोम्निका मागच्या भिंतीशी उभी होती. तिच्या शेजारी साफ्ता मावशी होती. "हुंगून येऊ का?" मावशीनं विचारलं. दोम्निकानं तिचा दंड धरून ठेवला.

पाहुणे गेल्यावर दार पुन्हा काढायचं ठरलेलं नव्हतं. पण हेडमास्तरांनी स्वतःच तोआदरला हाक मारली आणि म्हणाले, कुलूप तेवढं काढ, दार राहू दे, थंडीत वारं लागतं पोरांना. मोडलेल्या नळासाठी जिल्ह्याला पाठवलेल्या अर्जावर त्यांनी दोम्निकाची सही मागितली. दोघं मिळून भांडायचं ठरलं होतं ना, असं म्हणाले. नळ काही आला नाही. तोआदरनं ट्रॅक्टरचा एक बोल्ट घासून दांडी बसवून दिली.

त्या शरदात वरच्या आळीत कावीळ पुन्हा आली. शाळेतली दोन भावंडं आजारी पडली. दोम्निका रोज सकाळी पोरांच्या डोळ्यांत बघत वर्गावर्गांतून हिंडत होती, रोज वाटायचं की आज तिसरं सापडणार. महिना गेला, नाताळ जवळ आला, तिसरं सापडलं नाही. ती भावंडं बरी होऊन परत आली आणि बाकावर बसली, बस, एवढंच. कुणाच्या लक्षातही आलं नाही. न आलेल्या आजाराची बातमी होत नाही हे तिला माहीत होतं, तरी निदान एखाद्यानं दुकानापाशी काही बोलावं असं तिला वाटत राहिलं. दुकानापाशी त्या दिवसांत डुकरांच्या भावाचीच चर्चा होती.

जिल्ह्याला मात्र कळलं, आणि जिल्ह्यानं तिला बक्षीस दिलं. डोंगरापलीकडची आणखी एक शाळा तिच्या नावावर चढवली. तुमचा अनुभव तिथंही उपयोगी पडेल, असं फोनवरचा माणूस म्हणाला. पगाराचं काही बोलला नाही.

ती पहिल्यांदा तिथं गेली तेव्हा तरुण शिक्षिकेनं हसून स्वागत केलं आणि वर्ग दाखवला. दोन खोल्या, एक शेगडी, खिडकीत जिरेनियमच्या कुंड्या. मुलं सिस्टरच्या व्याख्यानाची वाट बघतायत म्हणाली. दोम्निकानं विचारलं, पाणी कुठं आहे? शिक्षिका म्हणाली, पाणी ओढ्यावर, मुलं येताना तिथूनच येतात.

दोम्निका बाहेरच्या ओसरीवर जाऊन बाकावर बसली आणि बुटांचा चिखल काडीनं खरवडू लागली.

"व्याख्यान नाही का देणार, सिस्टर?"

"नाही," ती म्हणाली. "तुमच्या गावात घोडागाडी कुणाकडं आहे? आणि झाकणाचं मोठं पिंप? तळाला नळ बसवता येईल असं?"

शिक्षिका म्हणाली की पिंप दारू गाळणाऱ्या म्हाताऱ्याकडं आहे, पण तो ते कुणाला देत नाही, त्याच्याशी बोलण्यात अर्थ नाही, सगळं गाव बोलून थकलंय.

"घर कुठलं त्याचं?" दोम्निकानं विचारलं आणि उठली.